चंदेरीचा रंग आणि लेकीची व्हॅन

चंदेरीचे कान चंदेरी होते. जन्मला तेव्हा साधेच असणार, पण मी ओळखायला लागलो तेव्हापासून त्याच्या कानांच्या पाळ्यांवर, भुवयांवर आणि उजव्या हाताच्या नखांत अ‍ॅल्युमिनियमची पूड कायमची मुक्कामाला. साबण लावला तर साबण चंदेरी व्हायचा, कान तसेच. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि तीसुद्धा ते भांडणातच वापरायची.

एकाच पत्र्याखाली आमची दोघांची दुकानं. डावीकडं माझं वेल्डिंग, उजवीकडं त्याचं रंगकाम, मध्ये छातीएवढी भिंत. त्या भिंतीवर दोन चहाचे पेले आणि एक रेडिओ. रेडिओ त्याचा, सेल माझे. अशी आमची भागीदारी.

तो गाडीचं अंग रंगवत नसे. दारं, टप, पाट्या ही कामं आली की सरळ पुढच्या चौकातल्या रंगाऱ्याकडं बोट दाखवायचा. त्याचं काम बॉनेटखालचं. इंजिनाच्या चार-सहा तोंडांतून जो जळका धूर निघतो, तो एका नळीत गोळा करणारं ओतीव लोखंडाचं अंग असतं. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. सगळ्या गाडीत सगळ्यात जास्त तापणारी वस्तू ती. पाण्याचा थेंब पडला तर बसायच्या आत उडून जातो. साहजिकच तिच्यावर साधा रंग टिकत नाही, आणि रंग नसला की गंजून पापुद्रे सुटतात. पापुद्रे सुटले की आज ना उद्या तडा, आणि तडा गेला की ते माझ्याकडं. म्हणजे त्याचं काम चांगलं झालं की माझं गिऱ्हाईक कमी. तरी आमचं कधी वाजलं नाही.

ट्रकवाले, बसवाले, खडी वाहणारे त्याच्याकडं यायचे. एकदा एक ट्रकवाला कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "चंदेरी, बॉनेटखालचं कोण बघणार आहे?"

"तुझी बनियन कोण बघतं?" चंदेरी तारेचा ब्रश घासत म्हणाला. "तरी धुतोस ना?"

"नाही धूत."

"म्हणून बायको माहेरी बसलीय."

ट्रकवाला हसत बाकड्यावर बसला आणि काम होईपर्यंत उठला नाही. अशी माणसं होती. आता गाडी सोडून जातात आणि फोनवर विचारतात, झालं का.

त्याचा रंग त्याचाच. दुकानातला डबा त्यानं उभ्या जन्मात आणला नव्हता. वार्निश वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवायचं, त्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड कालवायची, आणि कुठलं वार्निश उष्णतेला टिकतं हे ठरवायला त्याची एक रीत होती. बोटभर रुंदीच्या लोखंडी पट्ट्या कापायच्या. प्रत्येकीला कानशीनं खाचा पाडायच्या, एक, दोन, तीन. प्रत्येकीवर वेगळं मिश्रण. मग त्या तारेत ओवून दुपारी बेकरीत न्यायच्या.

बेकरी गल्लीच्या तोंडाशीच. बेकरीवाला सकाळचे पाव काढून झाले की दुपारी भट्टीसमोर घोरत पडलेला असे. चंदेरी त्याच्या अंगावरून पाय टाकून जायचा, भट्टीच्या तोंडाशी खिळ्याला तार अडकवायचा आणि बाहेर ओट्यावर बसायचा. तासाभरानं पट्ट्या काढायच्या. पहिल्यांदा अंगठ्यानं घासून बघायचं, मग खिळ्याभोवती पट्टी वाकवायची. जिचा रंग अंगठ्याला लागला ती बाद. जिचा वाकवताना उडाला तीही बाद. जी उरली तिचं वार्निश वर्षभरासाठी ठरलं. मोठा मॅनिफोल्डसुद्धा रंगवून झाला की त्याच भट्टीत भाजायला जायचा, पोत्यावर ठेवून, लहान मूल उचलावं तसा दोन्ही हातांवर.

मी पुष्कळदा त्याच्याबरोबर त्या ओट्यावर बसलोय. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही, आतून भाजलेल्या पिठाचा आणि वार्निशाचा एकत्र दरवळ. एखाद-दुसरा पाव मोडलेला असायचा, तो आमचा. बोलायला काही नसायचं, बोलायची गरजही नसायची. इतक्या दुपारी एका माणसाबरोबर गप्प बसलो, पण एकही वाया गेली असं वाटत नाही.

रंगाच्या दुकानवाल्याशी मात्र त्याचं हाडवैर. तो बिचारा नवा उष्णतेचा रंग आला की डबा घेऊन यायचा. "बघ तरी. परदेशात हेच वापरतात."

"तुझ्या डब्याला बेकरी माहिती आहे का?" चंदेरी विचारायचा.

"अरे, यावर अंश लिहिलेत. इतक्या अंशांपर्यंत टिकतो म्हणून छापलंय."

"छापायला काय जातं? तुझ्या दुकानाच्या पाटीवर 'सुहास्य सेवा' छापलंय."

दुकानवाला डबा काखेत मारून निघून जायचा. चंदेरी मागून ओरडायचा, "तीस वर्षांत एक तक्रार नाही माझ्या रंगाची! एक!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की रेडिओ बंद असला तरी ते लागलेलं असायचं.

त्याला एकच लेक. बापाचे कान नाही घेतले तिनं, पण मान घेतली. ताठ. सतराव्या वर्षी गाडी शिकली, पंचविसाव्यापर्यंत दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या, आणि मग साठवलेल्यातून एक जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली. तसल्या व्हॅनला इंजिन पुढं नसतं, चालकाच्या आणि शेजारच्या सीटखाली असतं. सीट उचलली की इंजिन. इंजिनाचा बरावाईट वास थेट आत.

शहराच्या टेकडीपलीकडच्या मुलांना आणायला शाळेला एक गाडी हवी होती. शाळेच्या मोठ्या बाई कडक. त्यांनी लेकीला सांगितलं, "गाडी जुनी आहे, पण तुमचा हात चांगला आहे. शुक्रवारी मुलं घेऊन एक फेरी करू. मी स्वतः बसेन. ठीक वाटलं तर मार्ग तुमचा." दुसरा एक गाडीवाला रांगेत होताच, त्याची गाडी नवी.

लेक व्हॅन घेऊन पत्र्याखाली आली. सीट उचलून दाखवली. मॅनिफोल्ड गंजून लालभडक. "बाबा, हे बाईंनी पाहिलं तर?"

"बाईंचा बाप बघेल असा करून देतो," चंदेरी म्हणाला.

आणि केला. मॅनिफोल्ड उतरवला, तीन दिवस घासला. लोखंड पांढरं निघालं. त्यावर रंगाचे तीन जाड थर. मग बेकरी. दुपारभर भाजून आणला तेव्हा तो मॅनिफोल्ड आरशासारखा होता. चंदेरीनं अंगठा घासला, तो कोरडा. मला म्हणाला, "तूही घास." मी घासला, माझाही कोरडा. तो गुरुवार. त्या दिवशी त्यानं बेकरीवाल्याला स्वतःच्या हातानं चहा नेऊन दिला, हे मी नोंदवून ठेवतो, कारण ते पुन्हा कधी घडलं नाही.

शुक्रवारी सकाळी मोठ्या बाई पुढच्या सीटवर, मागे सात मुलं. सपाट रस्त्यावर सगळं छान. टेकडीचा चढ लागला, लेकीनं गियर खाली घेतला, आणि अर्ध्या चढावर बाईंच्या सीटखालून निळा धूर निघायला लागला. जळक्या वार्निशाचा वास तो, नाकातून घशात जातो. मुलं खोकायला लागली. एक मूल बाईंच्या पर्समध्ये ओकलं. पर्स उघडी होती, बाई रुमाल शोधत होत्या.

बाई खाली उतरल्या, मुलांना उतरवलं, आणि पर्स लांब धरून म्हणाल्या, "सोमवारी पुन्हा बसेन. तेव्हा एवढासा जरी वास आला, तर त्या दुसऱ्या गाडीवाल्याला हो सांगते. मला मुलं सांभाळायचीत, तुमचं मन नाही."

लेक परत आली. डोळे कोरडे, ओठ आवळलेले. सीट उचलली. उन्हात पाठ सोलून निघावी तसे रंगाचे पापुद्रे सुटले होते.

"तुझं ऑइल गळतंय," चंदेरी म्हणाला.

"नाही गळत."

"पाणी कमी असेल. गाडी जास्त तापली."

"पाणी काठोकाठ आहे, बाबा."

"मग चालवणाऱ्याचा..."

"चंदेरी," मी भिंतीवरून म्हटलं. तो थांबला. वाक्य पुरं केलं असतं तर पुढची काही वर्षं तरी लेक बोलली नसती.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. त्यानं पाठ फिरवली आणि कुणाच्या तरी ट्रकचा मॅनिफोल्ड घासायला घेतला. लेक माझ्याकडं आली.

"काका, लोखंड किती तापलंय हे तुम्हाला कसं कळतं?"

जाड लोखंड जोडण्याआधी तापवावं लागतं, आणि किती तापलं हे बघायला आम्हा वेल्डरांकडं खडू असतात. प्रत्येक खडूवर अंशांचा एक आकडा. तापलेल्या लोखंडावर ओढायचा. तेवढी उष्णता असेल तर रेघ मेणासारखी वितळते, नसेल तर पाटीवरच्यासारखी कोरडी राहते. मी तिच्यापुढं डबी ठेवली. तिनं चार खडू उचलले: दोनशे, तीनशे, सहाशे, सातशे.

आधी आम्ही बेकरीत गेलो. दुपारचीच वेळ. तिनं एक पट्टी तारेनं भट्टीत अडकवली, तासभर ठेवली, चिमट्यानं ओढून लगेच दोनशेचा खडू फिरवला. वितळला. तीनशेचा फिरवला. पांढरी कोरडी रेघ.

बेकरीवाला उठून बसला. "काय करतेस गं?"

"भट्टी किती तापते बघतेय."

"माझी भट्टी? गार म्हणतेस तू माझ्या भट्टीला?"

"नाही हो. पावाला पुरेशी आहे."

"पहाटे ये म्हणावं बघायला! दुपारी काय बघतेस? दुपारी तर ती विझत आलेली असते!"

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मी त्या ओट्याकडं पाहिलं, जिथं मी तीस वर्षं मोडके पाव खाल्ले होते आणि हा साधा विचार एकदाही डोक्यात आला नव्हता.

मग आम्ही व्हॅन टेकडीवर घातली. मागे मुलांच्या वजनाइतकं लोखंडाचं भंगार भरलं होतं. वर पोचताक्षणी तिनं गाडी थांबवली, मी सीट उचलली आणि पापुद्रे सुटलेल्या उघड्या लोखंडावर खडू टेकवले. तीनशेचा टेकताच पाणी झाला. सहाशेचाही वितळला. सातशेची रेघ कोरडी राहिली. वर माझ्या मनगटाचे केस जळले, ते वेगळं.

परत येऊन मी चंदेरीच्या बाकड्यावर चारही खडू ओळीनं ठेवले आणि कुठला कुठं वितळला ते सांगितलं. त्यानं ब्रश खाली ठेवला आणि एकेका खडूवरचा आकडा वाचला. मग मला एक शंका आली.

"चंदेरी, तू आजवर रंगवलेस ते सगळे ट्रक, बसगाड्या. डिझेलच्या. पेट्रोलची एक तरी गाडी रंगवलीस का?"

त्यानं बोटं मोजायला हात उचलला आणि पहिल्याच बोटावर थांबला. "एक. वकिलाची होती."

"तिचं काय झालं?"

"तो परत आला नाही."

"मग तू काय समजलास?"

"खूश असेल असं समजलो."

मला हसू आवरेना. लेकीनं तोंड फिरवलं, तिचे खांदे हलत होते. चंदेरी आमच्याकडं रागानं बघत राहिला, आणि मग त्याच्याही मिशा थरथरल्या. डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानानं बराच गार असतो. त्याचा रंग डिझेलला पुरायचा, तेवढंच. ज्याला पुरला नाही तो सांगायलाच आला नाही, आणि यानं त्या न आलेल्या माणसाची साक्ष इतकी वर्षं मिरवली.

शनिवारी तो रंगाच्या दुकानात गेला. आम्ही दोघं मागून. दुकानवाल्यानं त्याला पायरी चढताना पाहिलं आणि गल्ल्यावरून उठून उभा राहिला.

"आज काय, वाट चुकलास?"

"उष्णतेचा रंग दाखव."

"माझ्या डब्याला बेकरी माहिती नाही रे."

"दाखव म्हटलं ना. नंतर काय बोलायचंय ते बोल. बसून ऐकतो."

दुकानवाल्याला हे अपेक्षित नव्हतं. वीस वर्षं जपून ठेवलेले टोमणे असतील त्याच्याकडं, पण समोरचा ऐकायला बसला तर मजा काय राहिली? त्यानं गुपचूप तीन डबे मांडले.

पहिला लालचुटुक, चकचकीत, वर इंजिनाचं चित्र. चंदेरीचा हात तिकडंच गेला. लेकीनं डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचलं. "हा इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, बाबा. तीनशेच्या आत. मॅनिफोल्डला नाही."

दुसऱ्यावर पुढं मोठ्या आकड्यात बाराशे.

"हाच!" चंदेरी म्हणाला. "बाराशे म्हणजे झालंच की."

"मागे बघा. इथं साडेसहाशे आहे."

"म्हणजे खोटं छापलंय! मी काय म्हणत होतो?"

"खोटं नाही," दुकानवाला कळवळून म्हणाला. "पुढचे अंश परदेशातल्या पट्टीचे, फॅरनहाइट. मागचे आपले, सेल्सियस. उष्णता तीच."

तिसऱ्यावर पुढं चौदाशे, मागे साडेसातशेच्या वर. रंग काळा, तव्याच्या बुडासारखा, चमक नावाला नाही. लेक म्हणाली, "सहाशे वितळला, सातशे वितळला नाही. साडेसहाशेचा डबा काठावर पास होईल. मला काठावर नकोय. हा घेऊ."

"चंदेरी नाही का यात?" त्यानं दुकानवाल्याला विचारलं. असा आवाज मी त्याचा आधी ऐकला नव्हता.

"बाराशेत आहे. यात काळाच."

चंदेरी काळ्या डब्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "काळा तर काळा. पोरीला कुठं तो अंगाला लावायचाय."

पत्र्याखाली आल्यावर आपला स्वतःचा रंग त्यानं स्वतःच खरवडला. मला हात लावू दिला नाही. लोखंड पुन्हा पांढरं झालं, तेल निघेपर्यंत पुसलं, आणि लेकीनं त्याला हातमोजे दिले, कारण डब्यावर लिहिलं होतं की बोटाचा ठसासुद्धा चालत नाही. त्यानं हयातीत हातमोजा घातला नव्हता. सवयीनं ब्रश भरून पहिला जाड हात मारायला गेला.

"पातळ, बाबा. पातळ थर. मध्ये वाळू द्यायचा."

"अशानं उद्या उजाडेल."

"उजाडू दे."

रविवारी मॅनिफोल्ड चढवला आणि डब्यावर सांगितल्याप्रमाणं व्हॅनच्याच इंजिनावर भाजला. सगळी दारं उघडी टाकून दहा मिनिटं इंजिन चालू, मग हात लावता येईल इतकं निवू द्यायचं. पहिल्या दहा मिनिटांत धूर निघालाच.

"बघा! यालाही येतो!" चंदेरी खरंच खूश झाला.

"येणारच. आत्ता येतो म्हणून उद्या येणार नाही," लेक म्हणाली.

दुसऱ्यांदा वीस मिनिटं, धूर थोडा. तिसऱ्यांदा अर्धा तास, इंजिन रेटून. काही नाही. संध्याकाळी तिनं भंगार भरून टेकडी चढून पाहिली. तेव्हाही काही नाही. वहिनी, म्हणजे चंदेरीची बायको, जेवायला बोलवायला आली तेव्हा तो सीट उचलून मॅनिफोल्डला नाक लावून बसला होता. ती म्हणाली, "माझ्या डोक्याला कधी इतक्या प्रेमानं तेल लावलं नाही." आणि त्याचं खरं नाव घेतलं.

सोमवारी मी म्हटलं होतं, तू जाऊ नकोस. तो गेला. धुतलेला सदरा घालून मुलांच्या मागच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला. पुढचं मला लेकीनं सांगितलं.

मोठ्या बाई पुढं बसल्या, पर्स बंद. सपाट रस्ता झाला. चढ लागला. बाईंनी रुमाल हातात घेतला आणि नाक वर केलं. अर्धा चढ झाला, धूर नाही. वळणाशी बाई म्हणाल्या, "वास येतोय."

लेकीनं गाडी कडेला घेतली. सीट उचलली. मॅनिफोल्ड काळा, कोरडा, पापुद्रा नाही. बाई वाकल्या, हुंगल्या. "इथून नाही. पण येतोय. थिनरसारखा." मुलांना विचारलं, येतो ना? सगळी म्हणाली, येतो.

चंदेरी मागून म्हणाला, "बाई, तो माझा आहे."

"काय?"

"वास. माझा आहे. अंघोळ केलीय, पण तो जात नाही." आणि दार सरकवून खाली उतरला. "मी जातो चालत. तुम्ही दार लावून घ्या आणि पुन्हा बघा."

लेक म्हणाली, "बाबा, थांबा."

"गियर टाक," तो म्हणाला. "चढावर गाडी उभी करून बोलत बसू नये."

अकराच्या सुमाराला तो पत्र्याखाली आला. चढ उतरून, सगळा बाजार ओलांडून, पायी. सदरा पाठीला चिकटलेला. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाला, "मला उतरवलं." ब्रश उचलला, ठेवला. रेडिओ लावला, बंद केला. दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला. दुपारी हॉर्न वाजला. लेक व्हॅनमधून उतरलीच नाही, खिडकीतून हात बाहेर काढून शाळेचा कागद हलवला, एवढंच. दोन वाजता मुलांना परत न्यायचं होतं.

ती पुढं एकोणीस वर्षं त्या मार्गावर गेली. व्हॅन दोनदा बदलली. चंदेरी ट्रकांना स्वतःचाच रंग लावत राहिला, पण गाडी आत येण्याआधी रस्त्यावरच विचारायचा, "डिझेल का पेट्रोल?" पेट्रोल म्हटलं की दुकानवाल्याकडं चिठ्ठी. त्या जागेवर आता गाड्या धुतात. भिंत पाडली. बेकरीत मोबाइल विकतात.

त्या सोमवारी दुपारी व्हॅन गल्लीच्या वळणापलीकडं गेल्यावर तो भिंतीपाशी आला, कोपर टेकवलं आणि हळूच विचारलं, "वेल्डर, खरं सांग. तुलाही येतो का माझा वास?"

मी म्हटलं, "तीस वर्षं शेजारी बसलोय. मला काय कळणार?"

"तेही खरं," तो म्हणाला, आणि चहा सांगायला गेला.